सौदा आज, पूर्तता उद्या

हुंडीची मुदत केव्हा भरते, हे पेढीवर बसणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. दर्शनी हुंडी समोर आली की रक्कम मोजायची, मुदती हुंडीचे दिवस मोजायचे आणि दिवस भरले की सबब न सांगता पैसे द्यायचे, ही शिस्त व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. तीच घराणी शेअरबाजारात उतरतात तेव्हा मात्र सौद्याची तारीख आणि सौदापूर्तीची तारीख यांतला भेद पुष्कळदा विसरला जातो. मोबाइलच्या पडद्यावर विक्रीचा आकडा उमटला की पैसे हातात आले, असे घरातल्या सर्वांनाच वाटू लागते. वस्तुतः त्या क्षणी हातात आलेला असतो तो केवळ एक करार.

हा भेद किती महागात पडू शकतो, हे एका साध्या उदाहरणावरून दिसेल. समजा, एका गृहस्थांनी शुक्रवारी आठ लाखांचे शेअर विकले आणि त्या भरवशावर शनिवारी गाळ्याच्या बयाण्याचा धनादेश लिहून दिला. शुक्रवारच्या सौद्याची पूर्तता सोमवारी होणार. रक्कम सोमवारी दुपारनंतर दलालाकडील खात्यात जमा होणार, आणि तेथून मागणी केल्यावर ती बँकेत पोहोचायला बहुधा मंगळवार उजाडणार. समोरच्याने धनादेश सोमवारी सकाळीच बँकेत भरला तर खात्यात शिल्लक नाही. पूर्वी धनादेश वटायला एक-दोन दिवस लागत आणि त्या अवकाशात अनेकांची अब्रू झाकली जात असे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने धनादेशांचे समाशोधन दिवसभर चालू ठेवण्याची पद्धत आणली आहे आणि सकाळी भरलेला धनादेश त्याच दिवशी वटतो किंवा परत जातो. ‘क्लिअरिंगमध्ये दोन दिवस जातीलच’ हा जुना हिशेब आता चालत नाही. धनादेश परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे १३८ वे कलम आहेच. पण व्यापाऱ्याला त्या कलमापेक्षा बाजारात होणारी कुजबुज अधिक बोचते.

बाजाराच्या भाषेत सौद्याच्या दिवसाला ‘टी’ म्हणतात. भारतात आज शेअरची सौदापूर्ती टी+१ म्हणजे सौद्यानंतरच्या पुढील कामकाजाच्या दिवशी होते. यातील ‘कामकाजाचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एप्रिल २०२५ मधील एक आठवडा पाहावा. गुरुवारी १० एप्रिलला महावीर जयंतीनिमित्त बाजार बंद होता, त्यामुळे बुधवारी ९ तारखेला झालेल्या सौद्याची पूर्तता शुक्रवारी ११ तारखेला आली. त्या शुक्रवारी कोणी शेअर विकले असतील, तर पुढे शनिवार, रविवार आणि सोमवारी १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. म्हणजे पूर्तता थेट मंगळवारी १५ तारखेला. कागदावर अंतर एका दिवसाचे, प्रत्यक्षात चार दिवसांचे.

याहून फसवी असते ती ज्या दिवशी बाजार चालू पण बँका बंद, अशी सुट्टी. महाराष्ट्रात १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त बँका बंद असतात, १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बंद असतात. शेअरबाजार मात्र त्या दिवशी चालू असू शकतो. सौदे होतात, पूर्तता होत नाही. त्या दिवसाला पूर्ततेच्या दृष्टीने सुट्टीच समजतात. आदल्या दिवशीचे आणि त्या दिवसाचे असे दोन्ही सौदे मग एकाच दिवशी पूर्ण होतात. वर्षारंभी शेअरबाजार दोन याद्या काढतो, एक सौद्यांच्या सुट्ट्यांची आणि दुसरी पूर्ततेच्या सुट्ट्यांची. पहिली यादी सर्वांना पाठ असते. दुसरी दिनदर्शिकेत कोणी लिहून ठेवत नाही, आणि अडचण नेमकी दुसरीमुळे येते.

मधल्या वेळेत नेमके काय घडते, तेही पाहण्यासारखे आहे. खरेदी करणारा आणि विकणारा एकमेकांना ओळखत नाहीत. सौदा जुळताच दोघांच्या मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी राहते. विकणाऱ्यासाठी ती खरेदीदार होते आणि खरेदीदारासाठी विक्रेती. दिवसभरातील लाखो सौद्यांची वजाबाकी करून कोणत्या दलालाने किती शेअर आणि किती रक्कम द्यायची, हे ती ठरवते. दुसऱ्या दिवशी पूर्वार्धात सर्वांनी आपले देणे भरायचे आणि दुपारनंतर ज्याचे त्याला वाटप होते. खरेदीदाराचे शेअर पूर्वी दलालाच्या सामायिक खात्यात उतरत आणि तेथून ग्राहकाकडे येत. २०२५ पासून ते थेट ग्राहकाच्या डीमॅट खात्यात जमा होतात. ही सुधारणा लहान दिसते, पण ग्राहकांचे शेअर दलालाने स्वतःच्या कर्जासाठी तारण ठेवण्याचे जे प्रकार मागे घडले, त्यांचा मार्ग तिने बराचसा बंद केला.

देणे भरले नाही तर काय? खरेदीदाराच्या बाजूने पैशाची जबाबदारी दलालावर असते. विकणाऱ्याने शेअर दिले नाहीत तर तेवढ्या शेअरचा लिलाव पुकारला जातो, लिलावात जो भाव येईल त्याने ते घेऊन मूळ खरेदीदाराला दिले जातात आणि फरक व दंड चुकवणाऱ्याच्या माथी बसतो. लिलावातही शेअर मिळाले नाहीत तर रोख भरपाई ठरते. सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वांत चढा भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर २० टक्के अधिक, यांपैकी जो जास्त असेल तो. शंभर रुपयांच्या शेअरमागे वीस-पंचवीस रुपयांचा फटका हा घाऊक व्यापारातील कित्येक महिन्यांच्या नफ्याएवढा होतो.

आपण कधी शेअर न देता विकतो, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु असे नकळत घडते. घरातील ज्येष्ठांनी दलालाला फोनवर विक्री सांगितली, डीमॅट खात्यातून शेअर काढण्याची परवानगी देणारा ओटीपी मात्र मोबाइलवर तसाच पडून राहिला. परवानगी नसेल तर शेअर निघत नाहीत आणि सौदा लिलावात जाऊ शकतो. दुसरा प्रकार अधिक धाडसी. आज घेतलेले शेअर खात्यात येण्यापूर्वीच उद्या सकाळी विकायचे. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. पण ज्याच्याकडून ते शेअर यायचे, त्यानेच ते दिले नाहीत तर आपल्यालाही पुढे देता येत नाहीत, आणि दुसऱ्याच्या कसुरीचा दंड आपल्या खात्यावर लागतो. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये हा खेळ न खेळलेलाच बरा.

ज्या घरांत लाभांशाचे उत्पन्न हे प्रपंचाचा आधार आहे, विशेषतः वृद्धांच्या घरांत, त्यांच्यासाठी आणखी एक तारीख महत्त्वाची आहे, ती म्हणजे रेकॉर्ड डेट. त्या दिवशी ज्याचे नाव कंपनीच्या भागधारकांच्या यादीत, त्याला लाभांश. नाव लागते ते सौदापूर्ती झाल्यावर. म्हणून रेकॉर्ड डेटच्या दिवशीच खरेदी केली तर उपयोग नाही; किमान एक कामकाजाचा दिवस आधी ती झालेली असली पाहिजे. वरच्याच आठवड्यात एखाद्या कंपनीची रेकॉर्ड डेट ११ एप्रिल असती, तर शेवटची संधी १० तारखेची नव्हे, ९ तारखेची होती. टी+१ आल्यापासून लाभांशाविना भाव सुरू होण्याचा दिवस आणि रेकॉर्ड डेट साधारणतः एकच झाले आहेत. त्या दिवशी सकाळी शेअरचा भाव लाभांशाच्या आसपास उतरून उघडतो, त्यामुळे केवळ लाभांशासाठी आदल्या दिवशी धावत जाऊन खरेदी करण्यात कमाई काही नाही. एका खिशातले दुसऱ्या खिशात जाते आणि वर त्या लाभांशावर कर भरावा लागतो. बक्षीस शेअरच्या वेळी उलट भीती वाटते. एकास एक बक्षिसात भाव निम्मा झालेला दिसतो, नवे शेअर मात्र खात्यात दिसत नाहीत, आणि संपत्ती रातोरात अर्धी झाल्याचा भास होतो. ऑक्टोबर २०२४ पासून हे शेअर रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खरेदी-विक्रीस खुले होतात. तेवढे दोन दिवस धीर धरावा.

मुदतीच्या या प्रश्नाने मुंबईच्या बाजाराला एकदा मुळापासून हादरवले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. आलेल्या पैशातून नव्या नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या, पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांवर गेला. या काळाचा नायक म्हणजे सुरतेहून मुंबईस आलेले ओसवाल जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद. मातोश्रींच्या नावाने त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. त्या तेजीत बहुतेक सौदे रोखीचे नव्हते, मुदतीचे होते. आज भाव ठरवायचा आणि काही महिन्यांनी पैसे व शेअर यांची देवघेव करायची. शेकडो सौद्यांची मुदत एकाच दिवशी येऊन ठेपली होती, १ जुलै १८६५. त्याआधीच युद्ध संपले, कापूस कोसळला. तो दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्यापाशी पैसे नव्हते आणि ज्याला मिळायचे होते त्यालाही स्वतःचे देणे भागवता येत नव्हते. एकाचे देणे दुसऱ्याच्या येण्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या येण्यावर टांगलेले होते. साखळीची एक कडी तुटली आणि सगळी माळ ओघळली. प्रेमचंदशेठही त्यातून सुटले नाहीत. बँक ऑफ बॉम्बे या संकटात इतकी खिळखिळी झाली की १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. टाउन हॉलसमोरच्या वडांच्या सावलीत सौदे करणाऱ्या दलालांनी पुढे १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली. तीच आजची बीएसई.

या घटनेला केवळ लोभाची कथा म्हणणे पुरेसे नाही. लोभ प्रत्येक तेजीत असतो. १८६५ मध्ये घात केला तो सौदा आणि पूर्तता यांच्यामधल्या दीर्घ मुदतीने, कारण तेवढ्या काळात कोण किती देणे लागतो हे कोणालाच दिसत नव्हते.

तरीही पुढील सव्वाशे वर्षे बाजार मुदतीवरच चालला. पूर्ततेच्या कालखंडाला दलालांच्या बोलीत ‘वलण’ म्हणत. आधी पंधरवड्याचे, मग आठवड्याचे वलण असे. वलणातील सगळ्या सौद्यांचा हिशेब शेवटी एकत्र होई. ज्याला पैसे द्यायचे नसत, तो सौदा पुढच्या वलणात ढकलत असे, आणि त्यासाठी व्याज मोजत असे. हाच ‘बदला’. शनिवारी बदल्याचे दर ठरत. तेजीवाल्याला पैसे पुरवले तर व्याज बदला, आणि शेअरचीच टंचाई असली तर मंदीवाल्याने उलट भरायचा तो उंधा बदला. अनेक पेढ्यांची शिल्लक रक्कम बदल्यात फिरत असे आणि बँकेपेक्षा अधिक व्याज देई. त्यात नेमकी जोखीम कोणाची, हा प्रश्न भाव चढते असेपर्यंत विचारला जात नसे. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजारात शेअरचे सौदे सुरू झाले. त्याचे वलण बुधवार ते मंगळवार, तर बीएसईचे सोमवार ते शुक्रवार. चतुर सट्टेवाले एका बाजारातला सौदा वलण संपायच्या आत दुसऱ्यात नेत आणि पैसे न मोजता आठवड्यामागून आठवडे काढत.

त्या काळातील कागदी शेअर ज्यांनी हाताळले, त्यांना हस्तांतरणाच्या अर्जांचे गठ्ठे आठवत असतील. विकणाऱ्याची सही नमुन्याशी जुळली नाही की सगळा संच परत येई. मधल्या काळात कागद टपालात गहाळ होई, लाभांश जुन्याच नावावर जाई, आणि एक शेअर नावावर व्हायला महिने लागत. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या एनएसडीएलने हे दुखणे संपवले. तारीख जवळ आणणे त्यानंतरच शक्य झाले, कारण कागद पोहोचवायचाच नसेल तर पंधरा दिवस कशाला हवेत?

बँकांच्या बाजूने हीच गोष्ट १९९२ मध्ये अधिक कठोरपणे शिकावी लागली. सरकारी रोख्यांच्या सौद्यात रोखे लगेच देता आले नाहीत तर विकणारी बँक एक पावती देत असे, ‘बँक रिसीट’. रोखे नंतर येतील, तोवर ही पावती ठेवा, असा त्याचा अर्थ. त्या पावत्याच जणू रोखे असल्याप्रमाणे फिरू लागल्या. रोखेघोटाळा उघडकीस आला तेव्हा बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांच्या पावत्यांमागे रोखेच नसल्याचे दिसले. कराडच्या बँकेला त्याच वर्षी गाशा गुंडाळावा लागला. साताऱ्या-सांगलीकडील किती तरी व्यापाऱ्यांची खाती त्या बँकेत होती, आणि त्यांचा रोख्यांशी सुतराम संबंध नव्हता. त्यानंतर १९९५ पासून सरकारी रोख्यांत ‘या हाताने पैसे, त्या हाताने रोखे’ ही पद्धत आली; २००५ मध्ये तेथील पूर्तता टी+१ झाली, शेअरबाजाराच्या कितीतरी आधी.

शेअरबाजारात बदल घडायला मात्र आणखी एक संकट यावे लागले. मार्च २००१ मध्ये भाव कोसळले आणि कलकत्ता शेअरबाजारात काही दलालांना वलणाचे पैसे भरता आले नाहीत. सेबीने २ जुलै २००१ पासून बदला बंद केला आणि प्रमुख शेअरमध्ये रोजच्या रोज स्वतंत्र पूर्तता सुरू केली. प्रत्येक दिवसाचा हिशेब वेगळा, पूर्तता पाचव्या दिवशी. त्या वेळी बाजारात मोठी ओरड झाली, उलाढाल मरेल असे सांगितले गेले. उलाढाल मेली नाही. वर्षअखेरीस सर्व शेअर या पद्धतीत आले; १ एप्रिल २००२ पासून पाचाचे तीन दिवस झाले आणि बरोबर एक वर्षाने, १ एप्रिल २००३ ला, दोन. टी+१ ची सुरुवात २५ फेब्रुवारी २०२२ रोजी बाजारमूल्याने सर्वांत लहान अशा शंभर शेअरपासून झाली आणि २७ जानेवारी २०२३ रोजी सर्व शेअर तिच्या कक्षेत आले. अमेरिकेला ही मजल गाठायला २८ मे २०२४ उजाडला. ज्या बाजाराची बदल्यावरून परदेशात टिंगल होत असे, त्याने या एका बाबतीत न्यूयॉर्कला सव्वा वर्ष मागे टाकले, ही मुंबईने मनातल्या मनात सुखावण्याजोगी गोष्ट आहे.

मार्च २०२४ पासून पंचवीस शेअरमध्ये त्याच दिवशी पूर्तता, म्हणजे टी+०, ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. तिला उत्साह बेताचाच मिळाला, आणि ते स्वाभाविक आहे. त्याच शेअरचे दोन भाव दोन खिडक्यांत असतील तर लोक गर्दीच्या खिडकीकडेच जाणार. शिवाय दिवसभराची वजाबाकी करून निव्वळ देणे भरण्याची सोय मुदतीमुळेच मिळते. मुदत शून्यावर आली की प्रत्येक सौद्यासाठी पैसे आधीच तयार हवेत; व्यापारी माणसाला हे परवडेलच असे नाही. सर्वसाधारण कुटुंबाला आजची एका दिवसाची पद्धत पुरेशी आहे.

म्युच्युअल फंडांचे वेळापत्रक यापासून वेगळे आहे, हेही ध्यानात ठेवावे. इक्विटी योजनेतून काढलेली रक्कम फेब्रुवारी २०२३ पासून दोन कामकाजाच्या दिवसांत मिळते. त्यामुळे शेअर आणि फंड दोन्ही विकून एका तारखेला रक्कम उभी करायची असेल तर फंडाची विनंती एक दिवस आधी टाकावी. लग्न, शस्त्रक्रिया, परदेशी शिक्षणाची फी अशा ठरलेल्या देण्यासाठी तर किमान एक आठवडा राखून विक्री करणे इष्ट. त्या आठवड्यात भाव वर गेला तर हळहळ वाटेल, ती सोसावी. दलालाकडे पडून राहिलेली रक्कम ग्राहकाने निवडल्याप्रमाणे दरमहा किंवा दर तिमाहीस बँक खात्यात परत करणे दलालावर बंधनकारक आहे; कधी कधी मागणी न करता पैसे जमा होतात ते याचमुळे.

करासाठी मात्र पूर्ततेची नव्हे, सौद्याची तारीख धरतात, आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस येथेच गोंधळ होतो. बाजारातून विकलेल्या शेअरची विक्री करारपत्रावरील तारखेला झाली असे आयकर खाते मानते. २०२५ मध्ये ३१ मार्चला रमजान ईदची सुट्टी होती, त्यामुळे त्या आर्थिक वर्षातील शेवटचा सौदा शुक्रवारी २८ मार्चला झाला. त्या दिवशी विकलेल्या शेअरचे पैसे एप्रिलमध्ये आले, तरी नफा किंवा तोटा मार्चअखेरच्या वर्षातच धरायचा. वर्षभर धरलेल्या शेअरवर सव्वा लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आणि त्यापुढे साडेबारा टक्के. वर्ष पूर्ण होण्याआधी विकले तर वीस टक्के. बारा महिने भरले की नाही, हेसुद्धा खरेदी आणि विक्रीच्या करारपत्रांच्या तारखांवरून मोजायचे, डीमॅट खात्यात शेअर केव्हा दिसले यावरून नव्हे. म्हणून दलालाकडून ईमेलवर येणारी करारपत्रे वर्षानुसार जतन करावीत. मार्चमध्ये विक्रीचा बेत असेल तर बाजाराच्या सुट्ट्यांची आणि पूर्ततेच्या सुट्ट्यांची अशा दोन्ही याद्या फेब्रुवारीतच काढून चोपडीत लावून ठेवाव्यात.